आमच्या गच्चीवरचा चालता तारा

गोव्यात लाटंबार्सेतल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, आता एकच उघडी गच्ची उरली आहे, आणि ती आमची आहे. हे मी छाती पुढे काढून सांगते. आमच्या घरातले बाकीचे लोक हेच वाक्य मान खाली घालून सांगतात. शेजारच्या प्रत्येक घराने गच्चीवर लोखंडी खांब उभे करून वर निळे, लाल, हिरवे पत्रे चढवलेत. मोपाच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानात खिडकीशी बसलेल्या माणसाला आमचा वाडा म्हणजे कोणीतरी पत्त्यांचा डाव अर्धवट टाकून उठल्यासारखा दिसत असेल. त्या पत्त्यांच्या मधोमध एक काळपट चौकोन आहे. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला मफलर गुंडाळून, एक जाडजूड बाई बसलेली दिसली तर ती मी.

पत्रे लोक हौसेने घालत नाहीत, हे मलाही कळतं. आमच्याकडचा पाऊस स्लॅबमध्ये मुरतो आणि मग त्याला वाटेल तिथून खाली उतरतो. आमच्या घरी त्याला माझ्या थोरल्या जाऊबाईंचं स्वयंपाकघर आवडलं. नेमका चुलीवर. चुलीवर म्हणजे गॅसच्या शेगडीवर, पण जाऊबाई तिला अजून चूलच म्हणतात. मी वर दुर्बीण मांडायला लागले की त्या खालून ओरडायच्या, "गो, तुझो तारो हलता काय नाय ता देवाक ठावूक. माझी चूल भिजता ता माका ठावूक!"

हा तारा माझ्या आयुष्यात आला तो घाण म्हणून. डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक जाडसं पुस्तक घेऊन आले. एका पानावर आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो छापलेले होते, मध्ये बऱ्याच वर्षांचं अंतर ठेवून काढलेले. मी कॉपी काढली. दोन्ही चौकोनांतले सगळे ठिपके जागच्या जागी होते, एकच ठिपका उजवीकडच्या चौकोनात भलतीकडे सरकलेला. आमच्या धंद्यात भलतीकडच्या ठिपक्याचा अर्थ एकच असतो : काच घाण आहे. मी स्पिरिटने काच पुसली. परत ठिपका. कागद बदलला, मशीनचं झाकण दोनदा आपटलं, जिने मशीन साफ केलं होतं त्या माझ्या मदतनीस बाईला चार शब्द सुनावले. परत तोच ठिपका.

प्राध्यापक हसून हसून काउंटरला टेकले होते. "बाई, पुसू नका. तो जायचा नाही. तो तारा आहे."

"मग दोन्हीकडे एकाच जागी का नाही?"

"कारण तो चाललाय."

तारा चालतो! मी शाळेत शिकले होते की तारे स्थिर असतात, ग्रह फिरतात, आणि परीक्षेत त्याचा एक मार्कही मिळवला होता. त्या मार्काचा मला भयंकर राग आला. प्राध्यापकांना मी चहा पाजला आणि पुढचं गिऱ्हाईक तिष्ठत ठेवून सगळं विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की संध्याकाळी घरी येताना बसमध्येच मला पटलं. खिडकीतून बघा. रस्त्याकडेच्या काजूच्या झाडांना पळायची किती घाई. त्यामागचं शेत सावकाश सरकतं. आणि लांब शिरगावच्या बाजूचे खाणीच्या मातीचे डोंगर बस सुटल्यापासून जागचे हललेले नसतात. जे जवळ, ते भरभर सरकताना दिसतं. आकाशातही तसंच. सगळेच तारे चालताहेत, पण लांबच्यांची चाल आपल्याला दिसत नाही. म्हणून ज्यांना सूर्याचे शेजारी शोधायचे असतात ते एकाच जागेचे जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवतात आणि कोण सरकला ते बघतात. जो सरकला तो बहुधा जवळचा. मग इतर मापं घेऊन खात्री करतात.

आणि गंमत पुढेच आहे. जो तारा मी पुसायला निघाले होते तो आकाशात सगळ्यांत भरभर सरकणारा. आपल्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांतला, आणि तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका मंद, तांबूस. भुजंगधारी नावाच्या तारकासमूहात तो असतो. आजूबाजूचे झगझगीत तारे मिरवतात, ते त्याच्यापेक्षा कितीतरी लांबचे. ज्याला कोणी ओळखत नाही तोच शेजारी, हे ऐकून मी त्याच्या प्रेमातच पडले. त्याला एका शास्त्रज्ञाचं नाव आहे, पण मी त्याला शेजारीच म्हणते.

मी ठरवलं, पुस्तकातला सरकलेला ठिपका नको. मला माझा हवा.

एक जुनी दुर्बीण घेतली, आकाशाबरोबर सावकाश फिरणारं मोटारीचं स्टँड घेतलं, त्याला कॅमेरा लावायला शिकले. आमचे हे बालरथ चालवतात, म्हणजे सकाळ-दुपार शाळेच्या पोरांची ने-आण करतात. त्यामुळे त्यांना कोणाच्याही हट्टापुढे शांत राहायची सवय आहे. त्यांनी दुर्बीण वर चढवून दिली आणि विचारलं, "यातून दिसणार काय?" मी म्हटलं, "आज काही नाही. सात-आठ वर्षांनी." त्यांनी मान डोलावली आणि जेवायला गेले.

या शेजाऱ्याची वेळही मोठी खट्याळ. तो संध्याकाळच्या आकाशात उंच असतो ते नेमके पावसाळ्याचे महिने. गोव्यात त्या महिन्यांत आकाश नावाची वस्तूच नसते. म्हणून मला मिळतो तो पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर. दिवे लागले की तासाभरात तो पश्चिमेला कलायला लागतो. तेवढ्यात काय ते उरकायचं. दर वर्षी मी एक तरी फोटो मिळवला. मधल्या काळात मोपाला विमानतळ झाला, वायव्येकडे रात्रभर मावळतीसारखा उजेड राहू लागला आणि माझ्या फोटोंतून विमानं रेघा मारत जाऊ लागली. मी हटले नाही.

मग स्लॅबने जाऊबाईंच्या आमटीत थेंब टाकला आणि घरात सभा भरली.

सभेचे अध्यक्ष म्हणजे माझे थोरले भावोजी, जाऊबाईंचे यजमान. ते शिरगावच्या खाणीवर सर्व्हेयर होते. खाण बंद पडल्यापासून त्यांना मोजायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते घरातल्या माणसांना मोजायचे. त्यांनी जाहीर केलं, "दिवाळी झाली की पत्रेवाला येईल. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. सगळी गच्ची झाकायची."

"आणि माझी दुर्बीण?"

"तिला पत्र्याखाली ठेव. भिजणार नाही."

सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले, मग माझ्याकडे बघून थांबले.

मी उभी राहिले. आमच्या देवळाच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांत खाष्ट सासू आणि कपटी राणी मलाच देतात, त्यामुळे उभं कसं राहायचं ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "स्लॅबवर मी स्वतः लेप मारून घेते. पण पत्रे घालू देणार नाही. माझा तारा अर्ध्या वाटेवर आहे."

"कुठे चाललाय?" भावोजींनी विचारलं. "हललाय का तरी? इतकी वर्षं वर बसतेस. पुस्तकातला नको. तुझ्या गच्चीवरून, तुझ्या हाताने काढलेल्या फोटोत एक तारा हललेला दाखव. सगळ्यांसमोर. दाखवलास तर पत्रे नाहीत. नाही दाखवलास तर पत्रेवाल्याला चहा तू द्यायचा."

"मान्य!" मी म्हटलं, आणि पुढचा डायलॉग नसल्यामुळे तिथून निघून गेले.

जुना फोटो माझ्याकडे होता, सात वर्षांपूर्वीचा, पहिलाच. मधल्या वर्षांचे फोटो दाखवण्याजोगे नव्हते. सुरुवातीच्यांत तो ठिपका जरासा जाड झाल्यासारखा दिसायचा, आणि भावोजी त्याला जाडी म्हणाले असते; अलीकडच्यांत नेमकी तिथूनच विमानं गेलेली. मला त्या ऑक्टोबरचा हवा होता. त्या वर्षी दिवाळी लवकर आलेली, म्हणजे तारा अजून बऱ्यापैकी वर. पण परतीचा पाऊस जायचं नाव घेईना. रोज दुपारी स्वच्छ ऊन, आणि संध्याकाळी मी शिडी चढले की घाटाकडून ढग.

त्यात नरकासुर. दिवाळीच्या आधी आमच्याकडे प्रत्येक वाड्यावरची पोरं कागद, गवत आणि बांबूंचा भलामोठा नरकासुर उभा करतात, चतुर्दशीच्या आदल्या रात्री मिरवत स्पर्धेला नेतात आणि पहाटे जाळतात. आमच्या पोरांनी तो बांधायला घेतला होता नेमका आमच्या घराच्या पश्चिमेला, आणि त्याच्या डोक्यावर हॅलोजन असा लावलेला की माझ्या गच्चीवर भर संध्याकाळी वर्तमानपत्र वाचता यावं.

मी खाली गेले. "पोरांनो, अर्धा तास दिवा बंद कराल का? आकाश उघडेल त्या दिवशी."

त्यांचा म्होरक्या असुराच्या दंडावर चढून कागद चिकटवत होता. तो वरूनच म्हणाला, "काकी, तुमचो तारो थांबतलो. नरकासुर थांबचो ना."

"तारा थांबत नाही रे, तेच तर मला सिद्ध करायचंय!"

"मग पत्रे घाला नि नाटकाची तालीम करा."

भावोजींनी पोरांपर्यंत गोष्ट पोचवली होती तर. मी तिथेच उभी राहून असुराकडे बघत राहिले. चेहरा छान, डोळे छान, दात झकास. "हसतो कसा हा?" मी विचारलं.

पोरांनी मोबाईलवर कुठूनतरी उतरवलेलं हसू ऐकवलं. ते ऐकून एखादं बाळसुद्धा रडलं नसतं.

मी कमरेला पदर खोचला, पोटात हवा भरली आणि हसले. कपटी राणीचं हसू खाली खर्जात नेलं, तिथून वर चढवलं, मध्ये दोनदा श्वास तोडला. समोरच्या घरातली दारं उघडली. भावोजींचा कुत्रा खाटेखाली शिरला. आमच्या घरातून काहीतरी स्टीलचं पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग जाऊबाईंचा, "कोण मेला?"

पोरं खाली उतरली होती.

"काकी," म्होरक्या एकदम अदबीने म्हणाला, "हे आमका रेकॉर्ड करूक मेळात?"

"मिळेल. मी गच्चीवरून शंख वाजवला की हॅलोजन बंद. परत वाजवला की चालू. पटतंय?"

पटलं. त्याच संध्याकाळी मी आमच्या बाथरूममध्ये, घुमतं म्हणून, नरकासुराचं हसू ध्वनिमुद्रित केलं.

नंतरच्या संध्याकाळी सगळ्या ढगात गेल्या. शेवटची उरली ती नरकासुर मिरवायच्या रात्रीचीच. दुपारी सर आली, तुळशीपुढची रांगोळी धुऊन गेली. भावोजी व्हरांड्यात बसून पत्रेवाल्याशी फोनवर रंगाची चर्चा मोठ्याने करत होते. निळा की हिरवा. मी शिडी चढले. अमावास्या जवळ आलेली, चंद्राचा त्रास नव्हता. आणि काळोख पडता पडता पश्चिमेचा ढग मधोमध फाटला.

मी शंख फुंकला.

पोरांनी शब्द पाळला. हॅलोजन गेला, त्याबरोबर ढोलताशेही थांबले, आणि दिवाळीच्या तोंडावर वाड्यावर असा काळोख झाला की लोक वीजखात्याला शिव्या देत बाहेर आले. "कोणी घालवली?" "काकींनी." "कशाला?" "तारा पकडतायत."

पहिल्या फोटोत विमान गेलं. बरोबर मधून, जाड पांढरी रेघ. दुसऱ्या फोटोत वारा आला आणि सगळे ठिपके करंज्यांसारखे झाले. खाली पोरं चुळबुळत होती, नरकासुराला स्पर्धेला जायचं होतं. एक माणूस ओरडला, "काकी, मिळालो काय?" मी म्हटलं, "तोंड बंद! तारा हलवताय तुम्ही!" खरं तर त्यांच्या बोलण्याने तारा हलत नाही, पण दिग्दर्शकाला हे कोणी विचारत नसतं. तिसऱ्या फोटोच्या वेळी मी स्वतःही श्वास धरला. मग चौथा, पाचवा. मग वायव्येकडून ढग सरकत आला आणि पडदा पडला.

मी शंख वाजवला. हॅलोजन लागला, आणि पाठोपाठ सगळ्या वाड्यावर माझं हसू घुमलं. आमचे हे म्हणतात, त्यांनी त्या क्षणी देवाला हात जोडले.

आता फोटो बघून घेणं हे शहाण्या माणसाचं काम. मी बघितलं ते इतकंच, की तिसरा स्पष्ट आहे. जुन्याशी ताडून बघितला नाही. मी ठरवलं, पडदा उघडेल तेव्हा प्रेक्षकांबरोबर मीही बघणार. दुकानातला जुना प्रिंटर घरी होता. पहाटे नरकासुर जाळून आल्यावर मी दोन्ही फोटो सारख्याच मापात, तारे काळे आणि आकाश कोरं असे, दोन पारदर्शक शीटवर छापले. चंद्राएवढा आकाशाचा तुकडा, शीटभर पसरलेला.

दिवाळीच्या सकाळी आमच्याकडे सगळे घरोघरी फोव खायला जातात. दुधातले, ताकातले, गुळातले, बटाट्याचे, सगळे पोहे एका बैठकीत. आमच्या घरी त्या दिवशी भाऊबंद आले, शेजारी आले, डोळे तारवटलेली पोरं आली. सगळ्यांना गोष्ट माहीत होती. मी जुनी शीट पूर्वेच्या खिडकीच्या काचेला चिकटवली. मागून ऊन. ठिपके काळे आणि स्वच्छ. मग म्हटलं, "लोकहो! हे सात वर्षांपूर्वीचं आकाश. आणि हे," नवी शीट हवेत नाचवून मी तिच्यावर ठेवली, "हे कालचं!"

एकही ठिपका जुळला नाही.

मी शीट वर केली, खाली केली, तिरकी केली. एक जुळला की बाकीचे सगळे पळायचे. मग भावोजींनी वाटी खाली ठेवली. "वा! सगळेच हलले! अख्खं आकाश चालतंय!" आणि खोली हसण्याने फुटली. जाऊबाई मागून म्हणाल्या, "हिरवे पत्रे घाला हो. निळे गरम होतात."

सांगते, त्या क्षणी खाष्ट सासूचा आवाजही कामाला आला नसता. पण हात मात्र झेरॉक्सवाल्या बाईचे. इतक्या वर्षांत लोकांनी माझ्यासमोर किती कागद उलटे ठेवले असतील! ते हात आपोआप शीटच्या कोपऱ्यावर गेले, बोटाने चाचपलं, आणि मला कळलं की शाई माझ्या बाजूला नाही. नाचवताना मी ती उलटी धरली होती. पारदर्शक शीटला तोंड आणि पाठ सारखीच दिसते. दुकानात नवीन मुलीने हे केलं असतं तर मी तिला दिवसभर ऐकवलं असतं.

"मध्यंतर संपलं," मी म्हटलं आणि शीट पालटली.

ठिपके एकमेकांवर बसले. एक, दोन, सगळे, जशी कुलुपात किल्ली बसते तसे. दोन शीट होत्या हे कळेना. फक्त एका जागी ठिपका जुळा होता. एकाचा दुसऱ्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा फरक.

कोणीतरी "अरे!" म्हणालं. म्होरक्या पोहे तोंडात ठेवून उभा राहिला. भावोजी मात्र उठून आत गेले. परत आले ते खाणीवरची स्टीलची पट्टी आणि भिंग घेऊन. खिडकीशी उभे राहिले, चष्मा कपाळावर चढवला.

"मोजायचं तर आधी पक्की खुंटी लागते," ते म्हणाले. "तुझी खुंटी कुठली?"

"बाकीचे सगळे. ते इतके लांब आहेत की सात वर्षांत आपल्याला हललेले दिसत नाहीत. ते तुमचे डोंगर. हा काजूचं झाड."

त्यांनी दोन डोंगर निवडले, पट्टी लावली, परत लावली, दुसरे दोन निवडून परत लावली. शेवटी त्यांनी पट्टी खिशात ठेवली.

"हललाय," ते म्हणाले. मग शीटच्या वरच्या कडेवर बोट ठेवून, "वर कुठली दिशा?"

"उत्तर."

जाऊबाई खिडकीशी आल्या, मान तिरकी करून बघितलं. आमच्या गावाच्या उत्तरेला हद्द ओलांडली की सिंधुदुर्ग, आणि तिथे माझं माहेर. "उत्तरेक म्हणजे तुझ्या माहेराकच गो! सात वर्षांत एवढोच गेलो? तू तर दर सणाक जातंस!"

भावोजींनी शेवटचा प्रयत्न केला. "पण स्लॅब गळतो तो गळतोच."

"बोललात ते बोललात, भावोजी. सगळ्यांसमोर." आणि मी ते हसू हसून दाखवलं, अगदी थोडंसं. कुत्रा उठून बाहेर गेला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पत्रेवाला टेप आणि रंगांचे नमुने घेऊन आलाच. मी चहा करायला उठले नाही. व्हरांड्यातून मी भावोजींचा आवाज ऐकला, खाणीवरचा जुना, हुकमाचा. "वर जागा नाही. वर मोजणी चाललीय." आता दर ऑक्टोबरला ते पट्टी घेऊन वर येतात, मी फोटो नीट काढत नाही म्हणून कुरकुरतात, आणि माझी खुर्ची बळकावतात.

लेप मी मारून घेतला, शब्दाला जागले. स्लॅब आता एकाच जागी गळतो. जाऊबाईंनी तिथे पितळेचं तपेलं ठेवलंय, आणि पाऊस लागला की पहिल्या थेंबाला त्या हमखास ओरडतात, घरभर ऐकू जाईल अशा, "गो, तुझो तारो ठिबकता!"

मी वरून ओरडते, "ठिबकू दे!"